यत्तेचा हिशेब

१९९३ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा मध्य रेल्वेच्या उपनगरातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. भांडुपहून येणारी एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मी एफ.वाय.च्या कॅल्क्युलसच्या तासाला बसू का? आपला तास सकाळी संपतो, त्यांचा अकराला असतो." मी एफ.वाय.ला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "बसू दे की. मागचे बाक रिकामेच असतात."

ती वर्षभर बसली. बारावीचा अभ्यास सांभाळून एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्या शिकली. सहामाहीला सहकाऱ्यांनी तिला प्रश्नपत्रिका दिली, तिने उत्तरपत्रिका लिहिली, त्यांनी ती तपासली. वर्गात तिसऱ्या क्रमांकाचे गुण होते. पेपर हातात घेऊन ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "मॅडम, हे कुठे लावायचं?"

कुठेच लावता येत नव्हते. पुढच्या जूनमध्ये ती बारावी उत्तम रीतीने पास होऊन त्याच कॉलेजात एफ.वाय.ला आली. खोली तीच, शिक्षक तेच, फळ्यावर पहिल्या दिवशी लिहिलेली व्याख्याही तीच. फरक एवढाच, की आता तिला रोल नंबर होता.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अंधेरीचे भवन्स, पार्ल्याचे साठ्ये आणि मिठीबाई, घाटकोपरचे झुनझुनवाला, विद्याविहारचे सोमय्या, मुलुंडचे वझे-केळकर, अशा कॉलेजांच्या फाटकातून रोज सकाळी सोळा-सतरा वर्षांची मुले आत जातात आणि घरी सांगतात, "कॉलेजला चाललो." गणवेश नाही, प्रार्थना नाही, कॅन्टीन आहे, ग्रंथालय आहे. पण त्यांची परीक्षा घेते ते राज्य मंडळ. शिक्षकाचा पगार मंजूर होतो शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयातून, तर वरच्या मजल्यावरच्या पदवी शिक्षकाचा उच्च शिक्षण खात्याकडून. त्याला नेट-सेट लागते, मला बी.एड. लागले. एकाच इमारतीत दोन खाती नांदतात आणि त्यांच्यामधल्या जिन्यावरून गुण खालून वर जात नाहीत.

अमेरिकेत आणि आता इतरत्रही शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेऊन त्यांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, खात्यावर जमा करण्याची पद्धत आहे. माझ्या भाच्याची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. ती अकरावीत असतानाच जवळच्या काउंटी कॉलेजात जाऊन मानसशास्त्राचा एक विषय पुरा करून आली. भाचा फोनवर ऐटीत म्हणाला, "मावशी, तीन क्रेडिट झाली तिची." मला आठवण झाली ती भांडुपच्या मुलीची. आमच्याकडची मुले तर शाळेतून कॉलेजात जाण्याचाही त्रास घेत नाहीत, ती आधीच कॉलेजात बसलेली असतात. मग जे एडिसनला जमते ते मुलुंडला का जमू नये, या प्रश्नाच्या मागे मी निवृत्तीनंतरची बरीच सवड घालवली. त्यातून हाती लागले ते इथे मांडते आहे.

सुरुवात जुन्या मॅट्रिकपासून करायला हवी. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. आपण जिला मॅट्रिक म्हणत आलो ती मुळात शाळा संपल्याची परीक्षा नव्हतीच. ती विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा होती आणि ती विद्यापीठच घेत असे. जवळजवळ नव्वद वर्षे शाळेने काय शिकवावे हे त्या दाराने ठरवले. स्वातंत्र्यानंतर एस.एस.सी. मंडळ आले आणि दाराची किल्ली विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. तरी शाळा अकरा वर्षांचीच राहिली. अकरावीला एस.एस.सी., मग कॉलेजात एफ.वाय., इंटर, ज्युनिअर आणि सीनिअर, असा पंधरा वर्षांचा प्रवास होता. ज्यांनी तो केला त्यांच्या बोलण्यात 'इंटरला असताना' हे शब्द आजही येतात.

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी हा आराखडा त्यातला. पदवीपूर्व शिक्षणाचे ओझे विद्यापीठांवरून उतरावे आणि ते शाळांनी उचलावे, असा आयोगाचा रोख होता. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ च्या मार्चमध्ये झाली आणि पहिली बारावी १९७७ मध्ये.

आता गंमत अशी, की एकूण वर्षे पंधराच राहिली. जुनी अकरावी शाळेची होती, जुनी एफ.वाय. कॉलेजची. नव्या व्यवस्थेने शाळेकडून एक वर्ष काढले, कॉलेजकडून एक वर्ष काढले आणि त्या दोहोंची जोडी करून तिला अकरावी-बारावी म्हटले. जुने इंटरचे वर्ष नवे एफ.वाय. झाले. म्हणजे १९७४ साली जे विद्यापीठाचे पहिले वर्ष होते, तेच थोड्या वर्षांत मंडळाची बारावी झाले. सतरा वर्षांचा मुलगा काल विद्यापीठाचा विद्यार्थी होता, आज नाही, आणि बसतो मात्र त्याच इमारतीत. आयोगाला हे वर्ग शाळांत हवे होते. पण भौतिक-रसायनाच्या प्रयोगशाळा होत्या कॉलेजांत, शिकवणारी माणसेही कॉलेजांत. काही शाळांना उच्च माध्यमिक वर्ग जोडले गेले, तरी मुंबईत बहुतेक मुलांच्या वाट्याला आले ते 'कनिष्ठ महाविद्यालय'. नाव कॉलेजचे, काम शाळेचे.

एवढे होऊनही श्रेयांकांचे घोडे अडते कुठे? माझ्या मते ते अडते हिशेबाच्या एककात. आपल्याकडे हिशेब यत्तेचा असतो. मूल 'कितवीत आहे' हे आपण विचारतो. कोणते विषय पुरे केले हे विचारत नाही. वर्ष पास व्हायचे किंवा नापास व्हायचे. अमेरिकेत १९०६ पासून निराळे माप रुजले, आणि त्याचे मूळ चक्क पेन्शनमध्ये आहे. अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी दिला. त्या संस्थेने अट घातली, की ज्या कॉलेजला लाभ हवा त्याने प्रवेशासाठी शाळेतल्या अभ्यासाची चौदा एकके मागावीत. आणि एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास. पेन्शनच्या ओढीने देशभरच्या शाळा-कॉलेजांनी ते माप स्वीकारले. तिथून पुढे विषय हे सुटे नाणे झाले. नाणे सुटे झाले, की ते एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकता येते. १९५५ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी आपले अभ्यासक्रम खुले केले, त्याच सुमारास अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या परीक्षा आल्या, आणि १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने कायदाच करून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे विषय घेण्याचा हक्क दिला. एडिसनची तीन क्रेडिट ही त्या सुट्या नाण्याची करामत आहे. ती सगळीकडे चालतातच असे नाही. राज्याची विद्यापीठे सहसा घेतात, नामांकित खासगी विद्यापीठे पुष्कळदा नाक मुरडतात.

आपल्याकडे सुटा विषय कधीच मोजला गेला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तो मोजला गेला नापासांसाठी. एटीकेटी हा शब्द मुंबईच्या कॉलेजात न गेलेल्यालाही ठाऊक असतो. एखाद-दुसरा विषय राहिला, तरी वरच्या वर्गात बसायचे आणि तो विषय मागाहून सोडवायचा. दहावीलाही ही सवलत आली. एक-दोन विषय राहिलेला मुलगा अकरावीत बसू शकतो. म्हणजे शाळेचे देणे डोक्यावर घेऊन कॉलेजात बसायला आपली मुभा आहे. कॉलेजचे येणे शाळेत असताना जमा करायला नाही. ही सवलत वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिने पुष्कळ मुलांचे वर्ष वाचवले, माझ्या वर्गातल्याही. पण जे माप नापास विषयाला लावता येते ते पास विषयाला का लावता येऊ नये, याचे उत्तर मला स्टाफरूममध्ये कोणी दिले नाही.

तरीही महाराष्ट्रात एक वाट अशी आहे, जी अमेरिकन पद्धतीचे काम बिनबोभाट करत आली आहे, आणि आपण तिच्याकडे त्या नजरेने पाहत नाही. ती म्हणजे दहावीनंतरचा डिप्लोमा. वांद्र्याचे शासकीय तंत्रनिकेतन, पार्ल्याचे भगुभाई मफतलाल, माटुंग्याचे व्हीजेटीआय ही पश्चिम आणि मध्य उपनगरांतल्या कुटुंबांची जुनी ठिकाणे. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांचा अभ्यास, आणि त्यानंतर डिप्लोमाच्या गुणांवर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. त्या प्रवेशासाठी सीईटी नाही, जेईई नाही. हिशेब करून पाहा : दहा अधिक दोन अधिक चार म्हणजे सोळा, दहा अधिक तीन अधिक तीन म्हणजेही सोळा. वर्ष वाचत नाही. पण डिप्लोमाचा विद्यार्थी सोळा ते एकोणीस या वयात बारावीही भरून काढतो आणि पदवीचे पहिले वर्षही, आणि शिवाय हातात एक प्रमाणपत्र असते, ज्यावर घरची अडचण आली तर नोकरी धरता येते. दुसऱ्या बाजूने आयटीआयची दोन वर्षे केलेला किंवा विज्ञान शाखेची बारावी झालेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. म्हणजे खालच्या पायरीवर केलेल्या कामाची वरच्या पायरीवर नोंद घेणे आपल्या शासनाला जमते. जिथे कारखान्याला माणूस हवा होता तिथे ते जमवले गेले.

या वाटेचा खड्डाही सांगायला हवा, कारण मी तो शिकवणीत जवळून पाहिला आहे. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलाने पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित, ज्याला मुले एम-वन आणि एम-टू म्हणतात, केलेले नसते. तिसऱ्या सत्रात एम-थ्री समोर येते. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरिए मालिका. ज्या मुलाचा हात लेथवर चांगला बसला होता तो इथे अडखळतो. विक्रोळीचा एक मुलगा माझ्याकडे त्या विषयासाठी येत असे. त्याचे दोन प्रयत्न फुकट गेले, तिसऱ्यात सुटला. हुशारीत तो कुठेच कमी नव्हता. त्याची जी नोंद पुढे आली होती तिच्यात एक तुकडा कमी होता आणि तो तुकडा भरून देणे कोणाचेच काम नव्हते. श्रेयांक मान्य करणे म्हणजे कागदावर शिक्का मारणे नव्हे, हे मला त्याच्यामुळे कळले. भांडुपच्या मुलीला मी एफ.वाय.चा विषय माफ करायला निघाले असते, तर मलाही तपासावे लागले असते, की तिच्या डोक्यात खरोखर काय उतरले आहे. एक सहामाही पेपर त्याला पुरला नसता.

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या कॉमर्सवाल्या घरांना दुसरी एक फट ठाऊक असते. सी.ए.च्या फाउंडेशनसाठी दहावीनंतरच नाव नोंदवता येते, परीक्षा बारावीनंतर देता येते. आय.आय.टी. मद्रासने २०२० पासून चालवलेल्या ऑनलाइन पदवीसाठी अकरावी झालेला विद्यार्थी अर्ज करून पात्रता चाचणी देऊ शकतो. प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतर. 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम तर कोणीही मोफत पाहावेत. पण त्यांचे श्रेयांक पदवीत धरून घ्यायचे तर आधी विद्यापीठाच्या पटावर नाव हवे. प्रत्येक ठिकाणी दार किलकिले आहे आणि उंबऱ्यावर बारावीची गुणपत्रिका मागितली जाते.

आणि जिथे श्रेयांक नाहीत तिथे मुलांनी वेळेचे काय केले, हेही उपनगरांत दिसते. कॉलेजात नाव घालायचे आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचे, याला 'इंटिग्रेटेड' हे भारदस्त नाव मिळाले. अंधेरी-बोरिवलीकडे कनिष्ठ कॉलेजांचे विज्ञानाचे वर्ग ओस पडू लागले. २०१८ मध्ये शासनाने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठा उमटवायला मुले आली असतील. मन आणायला यंत्र कसे पुरणार? माझे काही सहकारी याचा राग मुलांवर काढत. मला तो पटला नाही. ज्या दोन वर्षांतले काहीच पुढे धरले जाणार नाही, जिथे पुढचे दार फक्त सीईटीचे आणि जेईईचे गुण पाहून उघडते, तिथे मुलाने वर्गात का बसावे? भांडुपची ती मुलगी बसली, ती कॅल्क्युलसच्या प्रेमाने. प्रेमावर धोरण चालत नाही.

आता कागद बदलतो आहे. श्रेयांकांची पेढी, अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ मध्ये सुरू झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला आणि त्यात पहिल्यांदा शाळेचे तासही त्याच मापात आणले. तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक, वर्षाचे १२०० तास, म्हणून वर्षाला चाळीस. यत्तांना पायऱ्याही दिल्या आहेत : दहावी तिसरी पायरी, बारावी चौथी, आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचार. ही साडेचारची पायरी वाचली तेव्हा मी एकटीच हसले. बारावी आणि एफ.वाय. यांच्यात अर्ध्या पायरीचेच अंतर आहे, हे अखेर कोणीतरी लिहून ठेवले होते. पण बारावीच्या चौथ्या पायरीवर साठलेले श्रेयांक पदवीच्या किमान १२० श्रेयांकांतून वजा होत नाहीत. पेढीत खाते उघडले आहे, पासबुकात आकडा छापला आहे, काढण्याची खिडकी मात्र अजून उघडायची आहे.

खिडकी उघडायला फार मोठे काही लागेल असे मला वाटत नाही, निदान जिथे अकरावी-बारावी आणि पदवी एकाच इमारतीत आहेत तिथे. उपनगरांतली काही कॉलेजे आता स्वायत्त आहेत. पदवीचे अभ्यासक्रम आणि परीक्षा ती स्वतः ठरवतात. त्यांनी बारावीच्या मुलाला एक, फार तर दोन विषय पदवीच्या वर्गात बसून घेऊ द्यावेत, परीक्षा इतरांसारखीच घ्यावी, आणि तो पुढे आला की नोंद धरावी. न आला, तर नोंद पेढीत राहू द्यावी. यात एक भीती मला खरी वाटते : क्लासवाल्यांच्या जाहिरातीत उद्या 'बारावीतच दहा क्रेडिट' छापून येईल, आणि ज्याच्या घरी अकराच्या तासापर्यंत थांबायचीही सोय नाही त्याच्या मागे आणखी एक शर्यत लागेल. म्हणून एक-दोन विषयांची मर्यादा, आणि शुल्क नको.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगते. १९९६ च्या सुमारास लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. तिच्या वडिलांचाही बंद झाला. एस.वाय. संपवून तिने कारकुनाची नोकरी धरली. टी.वाय. राहिले ते राहिलेच. मी पुष्कळदा मनाशी म्हणत असे, की आपण तिचे वर्ष वाचवायला हवे होते. हे खरे नाही. कॅल्क्युलसच्या एका पेपराने वर्ष वाचले नसते. पण यत्तेच्या हिशेबात तिची दोन वर्षेही पुढे कामी आली नाहीत, कारण तिसरे नसले की पहिल्या दोहोंना आपल्याकडे नाव नव्हते. नोकरीच्या अर्जात ती 'बारावी पास' एवढेच लिहू शकली.

यंदा गणपतीत ती घरी आली, लेकीला घेऊन. लेक दहावीत आहे. अकरावी सायन्स की डिप्लोमा, हा प्रश्न घेऊन आल्या होत्या. मी दोन्ही वाटा सांगितल्या, विक्रोळीच्या मुलाचे एम-थ्रीही सांगितले. दिवाळीच्या सुट्टीनंतर वांद्र्याच्या तंत्रनिकेतनात जाऊन वर्कशॉप तरी पाहून या, म्हटले. मग आईने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागदाचा जुडगा काढला. तीच सहामाहीची उत्तरपत्रिका. "हिला दाखवायला आणला होता," म्हणाली.

मुलगी बराच वेळ ती वाचत होती. तिने एका ओळीवर बोट ठेवले.

"आजी, चौथ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे ना? मग इथे एक गुण का कापलाय?"

मी चष्मा लावला. उत्तर बरोबर होते. डेल्टा शून्याहून मोठा आहे, हे तिच्या आईने लिहायचे सोडले होते.